तक्त्यात नसलेला वारा

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिला एकच खिडकी, तीही उत्तरेला, त्यामुळे उजेड दिवसभर एकसारखा असतो. खोलीत एक ओढयंत्र आहे. प्लॅस्टिकच्या पाइपाच्या जोडातून पट्टी कापायची, तिची दोन टोकं यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची, बटण दाबायचं आणि ती तुटेपर्यंत बघत बसायचं, हे माझं काम. लग्नाआधी दोन वर्षं आणि तेव्हापासून आजपर्यंत मी हेच करते आहे. सोसायटीतल्या बायका विचारतात, "तुम्ही नक्की काय करता हो?" मी सांगते, "जोडलेलं तोडते." त्या हसतात. माझ्या सासूबाई हसल्या नव्हत्या.

चांगला जोड तुटताना बघण्यासारखा असतो. सुरुवातीला काहीच होत नाही, यंत्र नुसतं गुणगुणत राहतं. मग जोडापासून बोटभर अंतरावर काळ्या प्लॅस्टिकवर एक फिकट डाग उमटतो. तो राखाडी होतो, पसरतो, आणि तिथे पट्टी बारीक होत लांबायला लागते, पाकाची तार लांबावी तशी. जोड मात्र होता तिथेच, होता तसाच. दुपारी जेवणानंतर शेडमधली यंत्रं थांबलेली असताना ते लांबणं बघत बसलं की आपण खोलीत आहोत की पाण्याखाली, असं वाटायला लागतं. वाईट जोडाचं असं काही नाही. तो टक् करतो आणि संपतो. तुटलेलं तोंड बघावं तर साबणाच्या नव्या वडीसारखं गुळगुळीत.

हे जोड कसे करतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाइपाची दोन तोंडं रंधा मारून सपाट आणि स्वच्छ करायची. मध्ये विजेवर तापलेली एक जाड तबकडी धरायची. वेल्डर तिला तवा म्हणतात, मीही तेच म्हणते. दोन्ही तोंडं तव्याला टेकवली की कडेने वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक ओठ सुटतो. मग दाब कमी करून उष्णता आत मुरू द्यायची. ती मुरली की तवा झटकन काढायचा, दोन्ही तोंडं भिडवायची, ठरलेल्या दाबाने धरून ठेवायची आणि आपोआप गार होईपर्यंत हात लावायचा नाही. पाणी मारून गार करायचं तर मुळीच नाही.

ऐकायला भाकरीइतकं सोपं आहे आणि भाकरीइतकंच बिघडतं. तवा कमी तापला की तोंडं एकमेकांत मिसळत नाहीत, जास्त तापला की प्लॅस्टिक जळून ठिसूळ होतं. दाब कमी पडला तर आत पोकळ्या राहतात. दाब जास्त झाला तर वितळलेलं सगळं बाहेर ओठात येतं आणि आत थंड तोंडाला थंड तोंड नुसतं टेकतं. गंमत म्हणजे अशाच जोडाचा ओठ सगळ्यात गुबगुबीत आणि देखणा असतो.

मी नोकरीच्या सुरुवातीला याच खोलीतल्या छोट्या जोडयंत्रावर जोड करून, शेकडो पट्ट्या तोडून एक तक्ता बनवला होता. तापमान, दाब, वेळ, असे तीन रकाने. पाइप जेवढा जाड तेवढे आकडे वेगळे. तो तक्ता मी भिंतीवर टाचला, वेल्डरांना त्याच्या प्रती दिल्या, आणि मला त्याचा फार अभिमान होता. शीळफाट्याजवळचा एक वीटभट्टीवाला एकदा रिक्षात आडवा घातलेला पाइप घेऊन आला. भट्टीच्या निखाऱ्यावर दोन तुकडे शेकून त्याने ते चिकटवले होते. "एकदम टाइट बसलाय, ताई. फक्त तुमचा शिक्का पाहिजे." मी त्याच्यासमोर पट्टी कापून यंत्राला लावली. टक्. त्याने तुटलेला तुकडा उचलला. "अहो, चांगला होता तो. तुम्हीच तोडलात!" जाताना तक्ता मात्र वहीत उतरवून घेऊन गेला.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या कारखान्याला खाडीपलीकडच्या एका लहानशा कोळीवाड्याला पाणी नेण्याचं काम मिळालं. वाड्याच्या तिन्ही बाजूंना खाडी आणि चौथ्या बाजूला मिठागरं. विहिरी होत्या, पण खाऱ्या. गोडं पाणी अलीकडच्या काठावरून होडीत पिंपं घालून न्यायचं, तेही भरती असेल तेव्हा. ओहोटीत होडी चिखलात बसते. म्हणजे तहान भरती-ओहोटीच्या हिशेबाने लागली पाहिजे. पाइप काठावर जोडून लांब करायचा, त्याला सिमेंटची वजनं बांधायची आणि खाडीच्या तळाशी सोडायचा, असा बेत होता. तळाशी गेलेला जोड पुन्हा दिसत नाही, म्हणून तपासायला मला पाठवलं.

आमचा वेल्डर दत्ताराम. पन्नाशीचा, मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला विठ्ठलवाडीला. हात इतका सरावाचा की ओठ बघून दाब सांगायचा. काठावर पत्र्याचं छप्पर, जनरेटर, तवा असं सगळं मांडून झालं तेव्हा वाड्यातली मंडळी तीन होड्यांतून आली. सगळ्यांत पुढे जनाआजी. वय सत्तरीच्या आसपास, पाठ ताठ, कासोटा घातलेलं हिरवं लुगडं. वाड्यातल्या बायकांची पाणी आणायची पाळी तीच ठरवायची. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि नारळ.

मी काही म्हणायच्या आत तिने रंधलेल्या स्वच्छ तोंडावर कुंकवाचं बोट ओढलं, तव्याच्या कडेला एक लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. तव्यावर ते चर्र झालं. सगळे खूश.

मी दत्तारामच्या कानाशी गेले. "पुसून घ्या. जोडात घाण जाईल."

"म्याडम, आख्खा गाव उभा आहे," तो पुटपुटला. "देवाचं आहे. तुम्ही पुसता का?"

मी नाही पुसलं. पहिला जोड झाला. ओठ सगळीकडून सारखा, कुठे कुंकवाची बारीक लाल रेघ. मी पांढऱ्या रंगाने त्यावर एक हा आकडा लिहिला आणि तेव्हापासून तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना.

दोन दिवस काम चाललं. काठावरचे ते दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मिठागरातले पांढरे ढीग उन्हात थरथरायचे, जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखे. पाणी केव्हा आलं आणि केव्हा गेलं ते कळायचं नाही, नुसत्या होड्या वर आलेल्या किंवा खाली गेलेल्या दिसायच्या. काळा पाइप एकेक जोडाने लांबत चिखलाच्या कडेने पुढे सरकत होता आणि मी त्याच्या बाजूने घड्याळ आणि तापमापक घेऊन चालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरावा जोड झाला आणि वारा सुटला. जनाआजी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. ती काम टाकून आली.

"बाय, वारं फिरलंय. तुजा तवा उघडा ठेवतेस तो?"

"आजी, तवा तापलेलाच आहे. हे बघा, मी मोजते आहे."

"तू तवा मोजतेस. मी वारं बोलते."

"छप्पर आहे की वर."

"वरून वारं येतं का गो?" असं म्हणून ती हसली आणि परत गेली.

माझ्या तापमापकात आकडा बरोबर होता. तव्याच्या ज्या बाजूला वारा लागत नव्हता, त्या बाजूला मी तो लावत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. तवा काढल्यापासून तोंडं भिडेपर्यंतच्या चार-पाच सेकंदांत उघड्या तोंडांचं काय होतं, हेही नाही. तक्ता बनवला तेव्हा माझ्या खोलीची खिडकी बंद असायची. दत्तारामला ओठ नीट सुटत नाही असं दिसलं, म्हणून त्याने जरा जास्त दाबलं. ओठ गुबगुबीत आला. मी सोळा, सतरा, अठरा, एकोणीस असे आकडे लिहीत गेले.

नियम असा होता की पाइप खाली सोडण्याआधी त्यातला एक जोड कापून तपासायचा. कुठला, ते तपासणाऱ्याने ठरवायचं. मी म्हटलं, एक नंबर.

दत्ताराम करवत हातात घेऊन उभा राहिला. "म्याडम, पूजेचा जोड? दुसरा कुठलाही घ्या ना. लोक काय म्हणतील?"

जनाआजी मागेच होती. "काय बोलतील? मासली कापल्याशिवाय कलते का आतून कशी हाय? काप रे."

तो कापला. मी तुकडा पिशवीत घालून डोंबिवलीला आणला, पट्टी काढली आणि यंत्राला लावली. इतक्या जपून मी कुठलीच पट्टी लावली नसेन. यंत्र गुणगुणत राहिलं. पट्टीवर फिकट डाग उमटला, जोडापासून दूर. पट्टी लांबली, लांबतच गेली, आणि मध्ये तो जोड कडेच्या लाल रेघेसकट अढळ. वितळलेल्या प्लॅस्टिकने कुंकू आपल्याबरोबर बाहेर ओठात नेलं होतं. आत काही राहिलं नव्हतं. दरवेळी असंच होईल असं नाही, पण त्या वेळी झालं होतं.

मला इतकं हलकं वाटलं की मी विचार करायचा थांबले. सगळ्यात वाईट जोड एवढा चांगला, म्हणजे बाकीचे त्याहून चांगले. मी सही केली. त्या सहीत काय चूक होती ते माझ्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते. मला ज्याची भीती होती तोच जोड मी तपासला होता. ज्यांची भीती वाटायला हवी होती, त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

पाइप खाडीत उतरला आणि वाड्यात पाणी आलं. नळाला हार होता. एक बाई नुसती नळाखाली हात धरून उभी राहिली, पाणी कोपरावरून ओघळू देत. जनाआजीने मला विचारलं, "बाय, नक्की ना? होडी बंद करू?"

"बंद करा. पिंपांची आता गरज नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. पण वाड्यात ते कागदासारखं मानलं गेलं. मासळीचा हंगाम जोरात होता आणि खारवायला भांडी कमी पडत होती. बायकांनी पाण्याची सगळी पिंपं घासून त्यांत मीठ लावलेली मासळी भरली. एकदा मासळी भरलेल्या पिंपात प्यायचं पाणी पुन्हा भरता येत नाही. कितीही घासा, वास जात नाही.

नवव्या दिवशी नळाला गढूळ खारं पाणी आलं, आणि मग तेही थांबलं.

निरोप आला तशी मी निघाले. होडीतून उतरले तर ओट्यांवर ओळीने पिंपं, झाकणांवर दगड, आणि अंगणात कळश्या, पातेली, एका घरासमोर तर पोराची आंघोळीची बादली. जे हाताला लागेल त्यात पाणी आणणं चाललं होतं. होडी हलली की निम्मं सांडत होतं. एक तरुण सून माझ्या बाजूने कळशी घेऊन गेली आणि मागे न बघता म्हणाली, "पिंपांची गरज नाय, म्याडम."

पाइप वर काढायला दोन दिवस लागले. तो चिखलातून हळूहळू वर आला, शेवाळ आणि शिंपल्या चिकटलेला, जणू कित्येक वर्षं तिथे होता. एकोणीस नंबरचा जोड उघडला होता. मी तोंडावरून बोट फिरवलं. साबणाची वडी.

जनाआजी शेजारी येऊन बसली. "कुंकवाचा तो फाटला?"

"नाही आजी. आपण कापला तो उत्तम होता. हा दुसऱ्या दिवशी दुपारचा आहे."

तिने माझ्या हातातला तुकडा घेतला, फिरवून बघितला. "वारं फिरलं तवाचा."

"हो."

"मी बोलले होते."

"हो. तुम्ही बोलला होतात."

तिने तुकडा माझ्या मांडीवर ठेवला आणि पिंपांना वारा घालायला गेली, म्हणजे झाकणं उघडायला. फार वास सुटला होता.

कारखान्यात साहेबांनी मला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांच्यासमोर माझ्या अहवालाचा कोरा कागद होता.

"बाई, पूजा झाली होती ना? जोडात कुंकू गेलं होतं, असं दत्ताराम सांगत होता."

"पहिल्या जोडात. तो तर कापून काढला आपण."

"ते आपल्याला माहीत. तुम्ही लिहा, स्थानिक लोकांच्या पूजेमुळे जोडांमध्ये अशुद्धी राहिली. कुणावर ठपका नाही, कुणाची नोकरी जाणार नाही, आणि गाववाले काही हा कागद वाचणार नाहीत."

"आणि दुरुस्ती?"

"दुरुस्ती करूच. चार-सहा आठवड्यांत. त्यांच्याच चुकीने झालं म्हटल्यावर घाई राहत नाही."

मला राग आला तो या शेवटच्या वाक्याचा. मी माझ्या खोलीत जाऊन खणातली पट्टी आणली, ओढून लांब झालेली, मध्ये लाल रेघ असलेली, आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "हा कुंकवाचा जोड. हा तुटला नाही. तुटला तो माझ्या तक्त्याप्रमाणे केलेला आहे आणि त्यावर माझी सही आहे." अहवालात मी तेच लिहिलं. दत्तारामने दाब वाढवला हेही लिहिलं, आणि त्याला तसं न करायला सांगणारं कुणी तिथे असायला हवं होतं व ती मी होते, हेही. दुरुस्ती त्याच आठवड्यात सुरू झाली. माझी बढती त्यानंतर चार वर्षं सुरू झाली नाही. दत्ताराम महिनाभर माझ्याशी फक्त "हो म्याडम" एवढंच बोलला, मग एके दिवशी त्याने डब्यातली कुळथाची पिठी पुढे केली आणि ते संपलं.

दुरुस्तीला जाण्याआधी मी खोलीची खिडकी उघडली आणि एक टेबलफॅन आणून जोडयंत्राकडे तोंड करून लावला. तेच तापमान, तोच दाब, तोच वेळ. पंखा मंद असताना पट्टी थोडी लांबून तुटली. पंखा जोरात केला आणि टक्. पाइपाचं लांबचं टोक उघडं असेल तर पाइपाच्या आतूनही वारा वाहतो आणि तोंडं आतून गार करतो, हेही तेव्हाच कळलं. तिथे गोणपाटाचा बोळा कोंबला की काम भागतं. एवढी साधी गोष्ट. तक्त्याला मी चौथा रकाना काढला आणि वर लिहिलं, वारा.

काठावर आडोशाला ताडपत्री न्यायची होती, ती आखूड पडली. जनाआजीने होडीचं जुनं शीड आणून दिलं. विटकरी रंगाचं, ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं. ते आम्ही चारी बाजूंनी बांधलं आणि आत बसून जोड केले. बाहेर वारा शिडावर थडाथड आपटत होता आणि आत काडीही हलत नव्हती. शिडातून गाळून आलेला तांबूस उजेड सगळ्यांच्या हातांवर, तव्यावर, पाइपावर. शीड फुगायचं आणि आपण कुठेतरी निघालो आहोत असं वाटायचं. दत्तारामलाही तसंच वाटत असावं. तो मध्येच म्हणाला, "म्याडम, लागली का होडी किनाऱ्याला?" वारा सुटला होता त्या दुपारचे सगळे जोड आम्ही कापून नवे केले. या वेळी मी तीन तपासले, आणि कुठले ते जनाआजीला निवडायला सांगितले. तिने डोळे मिटून काठी टेकवली.

पूजा तिने या वेळी पाइपाची केली नाही. शिडाला कुंकू लावलं.

गेल्या वर्षी खाडीवर दुसऱ्या एका कामासाठी गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्या वाड्यात गेले. आता तिकडे जायला मिठागरांतून कच्चा रस्ता आहे. जनाआजी तीन वर्षांपूर्वी गेली. कळशी घेऊन माझ्या बाजूने गेलेली ती सून आता चाळिशीला आली आहे आणि वाड्याचा कारभार तीच बघते. नळ होता तिथेच होता. तोटी पितळेची होऊन लखलखत होती. पाइप तोच, तळाशी, दहा वर्षं.

नळाशेजारी दगडाच्या चौथऱ्यावर एक निळं पिंप होतं, झाकण लावलेलं, बाजूला ओगराळं टांगलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

ती जराशी लाजली. "ते म्याडमचं पिंप. जनाआयेने लावून दिलंय. रोज सकाली जुनं पानी झाडांना ओतायचं नि नवं भरायचं. त्यात मासली कोन घालनार नाय."

"अहो, दहा वर्षं नळ एकदाही बंद नाही पडला ना?"

"नाय पडला. पाइप तुमचा मस्त हाय." तिने ओगराळं काढून पाणी भरलं आणि माझ्या ओंजळीवर धरलं. "पन आये बोलायची, पाइपावर भरवसा ठेवा, म्याडमच्या बोलन्यावर नको."

मी पाणी प्यायले. गार होतं, गोड होतं.